आईचं आयर्विन आणि सासऱ्यांची भरती

गावभागातली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज घरातल्या वादामुळे लिहायला बसले.

मी मूळची सांगलीची, गावभागातली. लग्न होऊन शिवडीला आले त्याला वीस वर्षं होऊन गेली. २०१९ च्या पुरानंतर आई दर पावसाळ्यात आमच्याकडे येते. आषाढीच्या सुमारास येते आणि गणपतीच्या तोंडावर परत जाते. सासरे गोदीतून निवृत्त झालेत. सकाळी चहाला दोघं खिडकीशी बसतात आणि पाऊस बघतात. आई फोनवर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी काढते. काल किती फूट होती, आज किती, कोयना धरणातून विसर्ग किती. सासरे पेपरातली भरती-ओहोटीची चौकट काढतात आणि पेन्सिलीने खूण करतात. मग सुरू.

काल आई म्हणाली, "तुमच्यात पाणी कितीवर आलंय ते सांगायला कुणीच नाही की ओ अण्णा. आमच्यात पोरंसोरं सांगतात, बेचाळीस झालं, त्रेचाळीस झालं." सासरे म्हणाले, "विहीणबाई, तुमचं पाणी पाहुण्यासारखं येऊन आठ दिवस राहतं. आमचं सहा तासांत माघारी जातं. मग मोजायचं कशाला?"

हसले, पण नंतर वाटलं की या दोन वाक्यांमुळे आमच्या घरात दोनदा फजिती झाली आहे.

पहिल्यांदा माझी, २६ जुलै २००५ ला. लग्नाला अडीच महिने झाले होते आणि नोकरी साकीनाक्याला. तीनच्या सुमारास खाली रस्त्यावर घोट्याएवढं पाणी दिसलं. बाकीचे निघायची घाई करत होते, मी मात्र निवांत फाईल पूर्ण करत बसले. का? सांगलीत घोट्याला पाणी लागलं की गुडघ्याला लागायला रात्र होते. तेवढ्यात धान्याची पोती माळ्यावर जातात, गादी वर जाते, देव वर जातात, शेजारच्या आजीला वर आणतात आणि चहासुद्धा होतो. मी शेजारच्या मुलीला विचारलं, "धोक्याची पातळी किती आहे इथली?" ती माझ्याकडे बघतच राहिली. अर्ध्या-पाऊण तासाने मी कमरेएवढ्या पाण्यात होते. रात्र कुर्ल्याच्या अलीकडे एका अनोळखी इमारतीच्या जिन्यात काढली. तिथल्या बायकांनी चहा, खिचडी आणि कोरडा गाऊन दिला. सकाळी खाली आले तर बरंचसं पाणी उतरलेलं. मला ते पटेना. पाणी असं जातं कुठे?

दुसरी फजिती नवऱ्याची, ती पुढच्या प्रतिसादात लिहिते, भात लावलाय.

प्रश्न असा: तुम्ही कुठल्या पाण्याजवळ वाढलात आणि ते कशानं मोजता?

---

मिसळीचा_कट

धोक्याची पातळी किती! हाहा. साकीनाक्याला धोक्याची पातळी बारा महिने असते ताई.

---

वरळीचा_नाखवा

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. पण "मोजायचं कशाला" हे काही पटलं नाही. मोजतो की. फुटपट्टी लावत नाही एवढंच, तिथी लावतो.

आजोबांनी शिकवलेला हिशेब देतो. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढे वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते, दुपारी आणि रात्री. रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस उधाण. तेव्हा पाणी खूप चढतं आणि तेवढंच खाली जातं, खडक उघडे पडतात. अष्टमीच्या बाजूला भांग. तेव्हा पाणी नुसतं हलल्यासारखं करतं. बोट कधी काढायची, कधी लावायची, कालवं फोडायला कधी जायचं, सगळं यावर. छापील कोष्टकाशी दहा-वीस मिनिटांचा फरक पडतो, पण होडीला तेवढं चालतं.

२६ जुलैचंच घ्या. गुरुपौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. पाचाची पाऊणपट पावणेचार. भरती त्याच सुमारास होती, साडेचार मीटरच्या जवळ. वरून पाऊस तसला आणि खाली समुद्र दार लावून बसलेला. मिठी नदीने जायचं कुठे? तुमच्या आईंना सांगा, आमच्यात आकडा सांगणारं कुणी नाही असं नाही. कोळीवाड्यात कुणालाही विचारा, सांगेल. बाकी शहर विचारत नाही.

---

गावभागातली

@नाखवा, हा पाऊणपटीचा हिशेब सासऱ्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरोबर आहे, पण मी तो गोदीत शिकलो." गोदीचं म्हणणं असं की पाळी घड्याळावर आणि जहाज भरतीवर. इंदिरा डॉकला लॉकगेट आहे. आतलं पाणी अडवून धरलेलं आणि बाहेरचं चढ-उतार करतं. त्यामुळे रात्री तीन वाजता जहाज आत घ्यायचं असेल तर घ्यायचंच. लग्नाचा मुहूर्त एक वेळ टळेल, असं ते म्हणतात.

आता नवऱ्याची गोष्ट. ऑगस्ट २०१९ च्या सुरुवातीला तो आईला आणायला सांगलीला गेला. पोचला तेव्हा पातळी चाळीसच्या पुढे गेली होती. चाळीस इशारा, पंचेचाळीस धोका. आई म्हणाली, आज राहू दे, उद्या निघू. दुसऱ्या दिवशी रस्ते बंद. पाणी मारुती चौकात आलं, मग टिळक चौकात, मग आमच्या बोळात. हा मुंबईचा गडी जिन्यात उभा राहून म्हणतो, "आई, संध्याकाळपर्यंत उतरेल ना? ओहोटी कितीला?"

आई आजही ते वाक्य पाहुण्यांना सांगते.

पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. २००५ चा विक्रम मोडला. हे लोक दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होते, आठ-दहा माणसं, एक म्हातारी आणि एक बाळंतीण. वीज नाही, सगळीकडे पाणी आणि प्यायला पाणी नाही. नवरा सांगतो की सगळ्यात जास्त भीती रात्री वाटायची, कारण आवाजच नव्हता. मुंबईत पाऊस म्हणजे गोंधळ, हॉर्न, आरडाओरडा. तिथे पाणी गुपचूप एकेक पायरी घेत होतं आणि आई काडीने खुणा करून सांगत होती, "दोन बोटं चढलं." मग एका पहाटे म्हणाली, "थांबलंय." त्याला काहीच फरक दिसेना. तिला दिसला. बोटीने बाहेर आले तेव्हा त्याच पाण्यात ब्रह्मनाळ गावची बोट उलटल्याची बातमी आली होती. त्यावर आमच्या घरात अजून कुणी फार बोलत नाही.

---

पेवातली_हळद

ताई, मी हरिपूरचा, सध्या मुक्काम वाशी. लिहिल्याशिवाय राहवेना.

आमचं गाव सांगलीला चिकटून, कृष्णा-वारणा संगमावर. सांगलीत पाणी का तुंबतं ते इथे उभं राहिलं की कळतं. सांगलीच्या जरा खाली वारणा आडवी येऊन मिळते. आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. त्या दोघी फुगलेल्या असल्या की कृष्णेला पुढे सरकायला जागा नाही. त्यात आमच्याकडे नदीला उतार असा नाहीच, वळणं घेत निवांत चाललेली असते. मग ती मागे फुगते. म्हणजे नाखवांची भरती आमच्याकडेही आहे म्हणायची, फक्त चंद्राऐवजी बहिणी आणतात. (अलमट्टीचा, म्हणजे खालच्या कर्नाटकातल्या धरणाचा, विषय मी काढणार नाही. त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तिथे अजून मारामाऱ्या चालू आहेत.)

आता हळदीचं. हरिपुरात पेवं होती. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल, तोंड अरुंद, आत पोट मोठं. हळद आत भरून तोंड बंद करायचं आणि वर माती. तिथली माती अशी की वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही, रंग उतरत नाही. पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. माझे आजोबा हळदीच्या व्यापारात होते. माल सांगलीच्या सौद्यातून मुंबईला मस्जिद बंदरात जायचा, तिथून गोदीत. आजोबा म्हणायचे, पेवात दहा वर्षं झोपते ती हळद मस्जिद बंदरात एक पावसाळा काढत नाही. खारा वारा. त्यामुळे मुंबईत माल ठेवायचा नाही, मुंबईतून माल काढायचा. घरातला नियमच होता तो.

पोती उतरवणारेही आमच्याच पट्ट्यातले, सातारा-सांगलीचे. १९६९ ला माथाडी कायदा झाला तोवर त्यांच्या पाठीला भाव नव्हता. आजोबा गेले की मुक्काम त्यांच्या गाळ्यावर. मसाल्याचा बाजार वाशीला हलला, त्यामागोमाग आम्हीही हललो.

२००५ च्या महापुरात पेवांत पाणी गेलं. वरचं पाणी आठ दिवसांत गेलं, जमिनीतलं नाही गेलं. हळद कुजून जो वास सुटला तो मला अजून येतो. कोल्ड स्टोरेजचं भाडं भरताना दर वेळी आजोबांची आठवण येते.

नदीने गाव मोठं केलं हे खरं, पण ती एका हाताने देते वगैरे कविता मला जमत नाहीत. आमचं नुकसान झालं. पंचनामा करायला आलेल्या माणसाला पेव म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. रकान्यात काय लिहायचं म्हणून त्याने "खड्डा" लिहिलं.

---

मिसळीचा_कट

"खड्डा". मुंबईकर म्हणून मी या शब्दाचा आदर करतो.

प्रतिसाद फार आवडला हो, थट्टा नाही.

---

पंचवटी_कारंजा

नाशिककर हजर. आमच्याकडे फूट नाहीत आणि तिथीही नाही. आमच्याकडे दुतोंड्या मारुती. गोदेचं पाणी मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, हीच पातळी. छातीच्या वर गेलं की सराफ बाजारातली दुकानं रिकामी करायची. मी दहा वर्षं ठाण्यात आहे. मोठा पाऊस झाला की घरी फोन करतो आणि पहिला प्रश्न, "मारुती कुठपर्यंत?"

---

सदाशिवपेठी

इतकी चर्चा झाली आणि १२ जुलै १९६१, पुण्याचा पानशेतचा पूर, कुणालाच आठवलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

---

पंचवटी_कारंजा

@सदाशिवपेठी, आठवलं होतं. तुम्ही याल म्हणून जागा ठेवली होती.

---

जलसंपदा_निवृत्त

इथे थोडी दुरुस्ती आणि थोडी भर घालतो. नोकरी याच खात्यात झाली.

धाग्यात नदीचं शहर आणि समुद्राचं शहर असे दोन कप्पे केले आहेत. पाणी ते कप्पे पाळत नाही. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर. पण सह्याद्रीची धार मध्ये असल्याने बाई पाठ फिरवतात आणि चौदाशे किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतात.

आता कोयना. ती कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, म्हणजे सांगलीच्या वरच्या अंगाला. म्हणून तुमच्या आई विसर्ग बघतात, आणि बरोबर बघतात. पण धरणाची साठवण १०५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आणि त्यातलं पाणी दोन दिशांना जातं. पूर्वेला नदीत सोडतात ते कराड-सांगलीला. पश्चिमेला बोगद्यातून पोफळीच्या वीजगृहात उतरतं ते वीज करून वाशिष्ठीत पडतं, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला. पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा कृष्णा पाणीवाटप लवादाने घालून दिली आहे. नदीने जी वाट नाकारली ती माणसाने डोंगर फोडून दिली.

मुंबईचा संबंध याहून जुना. खोपोलीचं वीजगृह १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याच्या धरणांतलं पाणी घाटाखाली सोडून गिरण्यांना वीज दिली. मुळशीच्या धरणाला १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो याच योजनांपायी. ते सगळं पाणी मुळात पूर्वेला जाणारं, कृष्णेच्या खोऱ्यातलं.

---

पेवातली_हळद

म्हणजे आमच्या वाट्याचं पाणी मुंबईने शंभर वर्षं वापरलं. बिल पाठवू का?

---

जलसंपदा_निवृत्त

तुमच्या वाट्याचं नाही. मुळशी-लोणावळ्याचं पाणी भीमेच्या खोऱ्यातलं. भीमा कृष्णेला मिळते ती रायचूरच्या बाजूला, सांगलीच्या कितीतरी खाली. बिल सोलापूरकरांनी पाठवावं. कोयनेच्या बाबतीत मात्र पावती फाडू शकता. पण पुराच्या दिवसांत पश्चिमेला जास्त सोडा असं तुम्हीच म्हणाल, तेव्हा बिल उलटं येईल.

---

शीव_ते_माहीम

मला एक सांगायचंय. मुंबईला समुद्राचं शहर म्हणून सगळे मोकळे होतात. मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा या चार नद्या आहेत शहरात. माझं बालपण मिठीच्या काठावर गेलं आणि आम्ही तिला खाडी म्हणायचो, नाला म्हणायचो. नदी म्हणत नव्हतो. २७ जुलैच्या पेपरांनंतर कळलं की ही नदी आहे, विहार-पवईच्या सांडव्यातून निघते आणि माहीमच्या खाडीला जाते. सांगलीकरांनी नदीला घाट बांधला, देऊळ बांधलं, गणपती बसवला. आम्ही भिंत बांधली आणि पाठ केली.

आणि पावसाचं म्हणाल तर त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. एकाच शहरात. दक्षिण मुंबईतले माझे साहेब फोनवर म्हणत होते, "निघालीस का नाही अजून?" त्यांना खरंच माहीत नव्हतं.

---

गावभागातली

@शीव_ते_माहीम, अगदी. सासरेही त्या संध्याकाळी घरी माझी वाट बघत रागावले होते, नवी सून आणि साडेनऊ वाजले तरी पत्ता नाही. शिवडीला पाऊस होता, पण साकीनाक्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी चिखलाने भरलेली आले तेव्हा काही बोलले नाहीत, स्वतः पाणी तापवून दिलं. आणि मग आठवडा-दहा दिवसांत सांगली पाण्याखाली गेली. तेव्हा मी इथे कोरडी आणि आई तिकडे माळ्यावर. फोन लागला की आकडा सांगायची आणि ठेवायची, बॅटरी संपू नये म्हणून.

---

वरळीचा_नाखवा

अवांतर: पालिका आता साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे पंप बसवलेत. भरतीला समुद्राकडची दारं बंद करायची आणि पाणी उपसून बाहेर टाकायचं. म्हणजे अख्खं शहर आता तुमच्या सासऱ्यांच्या लॉकगेटसारखं चालतं.

आईंना नारळी पौर्णिमेला वरळीला घेऊन या. आमच्याकडे त्या दिवशी दर्याला नारळ देतात, मग बोटी बाहेर.

---

पेवातली_हळद

नाखवा, आमच्याकडे त्याच दिवसांत नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार. पंचगंगा-कृष्णा चढतात, पाणी दत्ताच्या देवळात शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. लोक त्या दारात स्नानाला उभे राहतात. तुम्ही दर्याला शांत हो म्हणता, आमच्याकडे नदी देवळात यावी म्हणून वाट बघतात. आणि चार दिवसांनी तीच माणसं सामान माळ्यावर चढवत असतात. एकदा या बघायला, पण रस्ता चालू आहे का विचारून निघा.

---

दूधवाला_नाही

२०१९ ला आमच्या डोंबिवलीत दोन-तीन दिवस दूध कमी आलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की कोल्हापूर-सांगलीत काहीतरी मोठं झालंय. पुणे-बंगळूर हायवे कोल्हापूरजवळ पाण्यात होता. सोसायटीच्या ग्रुपवर लोक पिशवी मिळत नाही म्हणून चिडलेले. त्यात मीही होतो. आज हे सगळं वाचून जरा ओशाळल्यासारखं झालं.

---

गावभागातली

@जलसंपदा_निवृत्त काका, तुमच्या प्रतिसादाने घरात नवीनच भांडण लावलंत.

मी वाचून दाखवत होते. पोफळी हा शब्द आला आणि सासऱ्यांनी कप खाली ठेवला. त्यांचं गाव शिरगावच्या बाजूला, चिपळूण तालुका. लहानपणी वीजगृहाच्या कामावर त्यांचे काका होते, बोगद्यातल्या दगडांच्या गोष्टी सांगायचे. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा त्यांची बहीण गच्चीवर होती. एवढी वर्षं ते वाशिष्ठीला फक्त आपली नदी समजत होते आणि आई कोयनेला फक्त आपलं धरण.

आई म्हणाली, "म्हणजे आमचं पाणी तुमच्याकडे जातंय होय?"

सासरे म्हणाले, "तुमचं कसं? आमच्याकडे येतं ते आमचं."

आज सकाळी दोघांनी एकच पान उघडलं होतं, कोयनेचं. आई वाचत होती, सासऱ्यांना चष्मा सापडत नव्हता. तिने आधी पूर्वेचा, धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाचा, आकडा वाचला. ते म्हणाले, "पायथ्याचं झालं, पोफळीचं वाचा." तिला ते सापडेना, मग मला हाक मारली. मी डबा भरत होते. नाखवा, नारळी पौर्णिमेला येतोय, चार माणसं. भरती कितीला ते तेवढं कळवा, सासऱ्यांना तुमचा आकडा आणि पेपरातला आकडा ताडून बघायचाय.

---

वरळीचा_नाखवा

पौर्णिमा आहे ताई, बाराला. पाऊणपट करायचीसुद्धा गरज नाही. अकराला या, गर्दी होते.

---

मिसळीचा_कट

येताना भडंग आणा. नाखवांसाठी नाही, मीही येतोय.